फर्टिलिटी डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना: ठाणे आणि नवी मुंबईतल्या जोडप्यांसाठी

लग्नाला काही वर्षं झाली आहेत, गायनॅकने 'आता स्पेशालिस्टला दाखवून घ्या' म्हणून चिठ्ठी दिली आहे, आणि घोडबंदर रोडवर जिकडे पाहावं तिकडे हसऱ्या बाळाची होर्डिंगं आहेत. पुढे नेमकं काय करायचं, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. मैत्रिणी 'सगळं छान होईल' म्हणतात, नातेवाईक नवस सुचवतात आणि इंटरनेट घाबरवतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी डॉक्टर नाही. ठाण्यात राहते, नवरा ऐरोलीत नोकरीला आहे. आधी आययूआय (धुतलेले शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडणं), मग क्लिनिक बदललं, मग आयव्हीएफ (लॅबमध्ये स्त्रीबीज फलित करून भ्रूण गर्भाशयात ठेवणं), असा आमचा प्रवास झाला. शेवटी काय झालं ते मुद्दाम लिहीत नाही. वाचणारा नेमकं तेच शोधत बसतो आणि त्यावरून स्वतःचं काय होणार याचा काडीचाही अंदाज लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती खाली सगळीकडे येणार आहे. या ट्रीटमेंटचं वेळापत्रक पाळी ठरवते. ते डॉक्टरांच्या हातात नसतं आणि तुमच्या मॅनेजरच्या तर नाहीच. क्लिनिक, रजा, पैसे, प्रवास, सगळं त्या हिशोबाने आखलंत तर निम्मी धावपळ वाचेल.

१. किती थांबायचं?

साधा नियम असा: स्त्रीचं वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर नियमित प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही की जायचं. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांनी. चाळिशी जवळ असेल तर थांबायचंच नाही.

काही जणांनी मात्र कोणत्याही वयात लगेच जावं. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, एंडोमेट्रिओसिस किंवा चॉकलेट सिस्टचं निदान झालं असेल, पूर्वी टीबी किंवा पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल, कॅन्सरची ट्रीटमेंट झाली असेल. नवऱ्याचं लहानपणी अंडकोष न उतरल्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा वयात आल्यावर गालगुंडाच्या वेळी अंडकोषाला सूज आली असेल, तरीही.

'अजून वय आहे, होईल आपोआप' हे वाक्य घरात दर महिन्याला कोणीतरी म्हणतं. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण स्त्रीबीजं कोणाच्या हेतूसाठी थांबत नाहीत.

२. नवऱ्याची तपासणी सगळ्यात आधी

हे मी मुद्दाम दुसऱ्या क्रमांकावर घेतलंय. आपल्याकडे बायकोच्या डझनभर तपासण्या होतात, ट्यूब तपासून होतात, कधी लॅप्रोस्कोपीही (दुर्बिणीने पोटाची तपासणी) होते, आणि मग कोणाला तरी आठवतं की नवऱ्याचं वीर्य तपासणारं सीमेन अ‍ॅनालिसिस राहिलंय. ही तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बिनत्रासाची. सुईसुद्धा टोचावी लागत नाही. अडचण असलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण एकटं किंवा जोडीला असतं. तेव्हा पहिल्या भेटीला जातानाच हा रिपोर्ट हातात ठेवा.

नियम सोपे आहेत, पण पाळले जात नाहीत:

- आधी २ ते ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. 'जास्त दिवस थांबलो तर रिपोर्ट चांगला येईल' हा गैरसमज आहे. फार दिवस थांबल्यास शुक्राणूंची हालचाल उलट मंदावते.
- सॅम्पल शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून न्यायचं असेल तर तासाभरात पोहोचलं पाहिजे. डबी शर्टच्या आत, अंगाच्या उबेत ठेवा. सकाळी माजिवड्याच्या सिग्नलला अडकलात तर तासाचं गणित तिथेच बिघडतं, म्हणून घराजवळची लॅब बघा.
- साधा कंडोम, तेल, थुंकी, साबण यातलं काहीही वापरायचं नाही.
- लॅब निवडताना विचारा की सीमेन अ‍ॅनालिसिस रोज होतं का. जिथे महिन्यातून कधीतरी होतं तिथला रिपोर्ट अर्धवट येतो.

रिपोर्ट वाचताना जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मॅन्युअलमधले किमान आकडे उपयोगी पडतात: वीर्य १.४ मिली, शुक्राणू दर मिलीला १.६ कोटी, एकूण हालचाल ४२ टक्के, नॉर्मल आकाराचे ४ टक्के. शेवटचा आकडा बघून बहुतेक पुरुषांना धक्का बसतो. 'फक्त ५ टक्के नॉर्मल' म्हणजे आपण संपलो असं वाटतं, पण ५ टक्के हा नॉर्मल रिपोर्ट आहे.

एका रिपोर्टवर निष्कर्ष काढू नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचा डेंग्यूचा ताप आजच्या रिपोर्टात दिसू शकतो. तसं असेल तर तीनेक महिन्यांनी पुन्हा करा.

आणि जिमचं बोला. बॉडी बनवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं किंवा 'सप्लिमेंट' म्हणून स्टिरॉइड घेणाऱ्यांचं शुक्राणू बनणं जवळजवळ बंद पडू शकतं. ही गोष्ट पुरुष डॉक्टरांसमोर बोलत नाहीत, बायकोसमोर तर मुळीच नाही. तंबाखू, मावा, सिगारेटही लपवतात. रबाळे-तुर्भ्याच्या एमआयडीसीत भट्टीजवळ उष्णतेत काम असेल तर तेही सांगायलाच हवं.

शुक्राणू शून्य आले तर आधी युरोलॉजिस्ट किंवा अँड्रोलॉजिस्टकडे (पुरुषांच्या वंध्यत्वाचे डॉक्टर) जा. शून्य म्हणजे प्रत्येक वेळी 'तयारच होत नाहीत' असं नसतं. कधी ते तयार होतात पण वाट बंद असते, आणि तेव्हा अंडकोषातून सुईने शुक्राणू काढता येतात.

३. फाइल बनवा

दोन बाजूंना क्लिप असलेली जाड फाइल घ्या. क्लिनिक स्वतःची फाइल देतं, पण ती बऱ्याचदा त्यांच्याकडेच राहते. तुमची वेगळी हवी. तिच्यात:

- दोघांची आधार आणि पॅन कार्डं, प्रत्येकी तीन झेरॉक्स
- विवाह नोंदणीचा दाखला (ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत असाल तर प्रभाग किंवा विभाग कार्यालयात नोंदणी होते, नसेल केली तर आत्ताच करा)
- दोघांचे पासपोर्ट साइज फोटो
- गेल्या सहा-आठ पाळ्यांच्या तारखा, किती दिवस आणि किती रक्तस्राव
- आधीच्या सोनोग्राफी, रक्ततपासण्या, ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड. लॅप्रोस्कोपी झाली असेल तर तिची सीडीसुद्धा
- आधी गर्भ राहून पडला असेल तर त्या वेळचे सगळे कागद
- सध्या चालू असलेल्या गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिक धरून

नावांकडे लक्ष द्या. आधारवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग, हे आपल्याकडे घरोघरी आहे. साध्या तपासणीला चालून जातं. आयव्हीएफची संमतीपत्रं भरताना मात्र अडतं, आणि तेही नेमकं इंजेक्शनं सुरू व्हायच्या दिवशी.

४. क्लिनिक निवडताना

माझं मत स्पष्ट आहे: नावाजलेल्या लांबच्या क्लिनिकपेक्षा बऱ्यापैकी चांगलं जवळचं क्लिनिक बरं. एका आयव्हीएफ सायकलमध्ये, म्हणजे उपचाराच्या एका फेरीत, दोन आठवड्यांत अनेकदा सोनोग्राफीला बोलावतात, बहुतेक वेळा सकाळीच, आणि 'परवा या' म्हणजे परवाच. कासारवडवलीहून दादरला किंवा खारघरहून अंधेरीला हे करून बघा, मग कळेल. वाशी, नेरुळ, ठाणे यांपैकी ट्रान्स-हार्बरवर सोयीचं असेल ते घ्या. रविवारी मेगाब्लॉक असतो हे मात्र डोक्यात ठेवा. फॉलिकल (स्त्रीबीजं वाढतात त्या बारीक पिशव्या) रविवार बघून वाढायचे थांबत नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: रविवारी आणि सणाला स्कॅन, पिकअप (स्त्रीबीजं काढणं) होतात का? नाही म्हणाले तर दुसऱ्या क्लिनिकचा विचार करा.

दुसरा प्रश्न नोंदणीचा. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ चा आहे आणि तो २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याखाली प्रत्येक क्लिनिकला नोंदणी घ्यावी लागते. लेव्हल १ क्लिनिकला फक्त आययूआय करता येतं. आयव्हीएफसाठी लेव्हल २ लागते. प्रमाणपत्र भिंतीवर दिसायला हवं. दिसलं नाही तर मागा. रिसेप्शनवाली वर बघेल, बघू द्या.

आपल्या भागात एक प्रकार सर्रास चालतो. बोर्डावर मोठ्या डॉक्टरांचं नाव, आणि ते येतात आठवड्यातून एकदोनदा. रोजचे स्कॅन ज्युनियर डॉक्टर करतात. त्यात वाईट असं काही नाही, पण तुम्हाला माहीत हवं. विचारा: स्कॅन कोण करणार, स्त्रीबीजं कोण काढणार, ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात ठेवणं, कोण करणार? लॅबमध्ये भ्रूण सांभाळणारा एम्ब्रिऑलॉजिस्ट पूर्णवेळ आहे की बाहेरून येतो? भ्रूण तुमच्यापेक्षा जास्त वेळ त्याच्या हातात असतात.

'सक्सेस रेट ७० टक्के' ऐकलं की विचारा: कशातले ७०? सुरू केलेल्या सायकलींपैकी की ट्रान्सफर झालेल्यांपैकी? बीटा (गर्भ राहिल्याची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह म्हणजे यश धरलंय की बाळ घरी आलं म्हणजे? कोणत्या वयोगटात, आणि दात्याच्या स्त्रीबीजांची प्रकरणं त्यात धरली आहेत का? दात्याची स्त्रीबीजं तरुण बाईची असतात, आकडा फुगतो. सरळ उत्तर देणारा डॉक्टर कमी आकडा सांगेल. त्याच्यावर जास्त विश्वास ठेवा.

'अत्याधुनिक तंत्रज्ञान' या जाहिरातीला भुलू नका. ६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या टीमने आयव्हीएफचं बाळ जन्माला आणून दाखवलं होतं. मूळ पद्धत तीच आहे, आणि फरक पडतो तो लॅबच्या शिस्तीने. पैशाची अडचण असेल तर परळलाच आयसीएमआरची प्रजनन आरोग्यावरची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे वंध्यत्वाची ओपीडी चालते. निदानापुरतं तरी तिथे जरूर विचारा. साध्या रक्ततपासण्या वाशीच्या मनपा रुग्णालयात किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातही होतात.

५. पहिली भेट

दोघांनी जायचं. आईला किंवा सासूबाईंना बाहेर बसवलं तरी चालेल, खरं तर बाहेरच बसवा. डॉक्टर संबंध किती वेळा येतात, दुखतं का, पूर्वी गर्भपात केला होता का, हे सगळं विचारतात. लग्नाआधीचं काही असेल आणि नवऱ्याला माहीत नसेल तर डॉक्टरांशी एकटीने बोलायची मागणी करा. तो तुमचा हक्क आहे आणि डॉक्टरांना त्यात नवीन काही नसतं.

अंतर्गत सोनोग्राफी होईल. लघवी करून जा, दोन भागांचे कपडे घाला. सलवार-कुर्ता उत्तम, साडी कटकटीची, वनपीस तर नकोच. दुखत नाही, विचित्र वाटतं.

शेवटी तीन गोष्टी कागदावर घेऊनच उठा: आत्ता संशय कशाचा आहे, कोणत्या तपासण्या कोणत्या दिवशी करायच्या, आणि रात्री काही झालं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा.

बाहेर पडल्यावर एक 'काउन्सेलर मॅडम' बसवून घेतात. गोड बोलतात, पॅकेजचा कागद पुढे सरकवतात, 'आज बुक केलंत तर' अशी सवलत सांगतात. तपासण्या व्हायच्या आत पॅकेज घ्यायचं काही कारण नाही. 'घरी बोलून कळवतो' एवढं म्हणून उठायचं.

६. तुमच्या तपासण्या, पाळीच्या दिवसाप्रमाणे

पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो. नुसतं डाग पडणं धरायचं नाही. रात्री उशिरा सुरू झाली तर कोणता दिवस पहिला, हे क्लिनिकनुसार बदलतं, विचारून ठेवा.

दुसरा-तिसरा दिवस: सोनोग्राफीत बारीक फॉलिकल मोजतात, रक्तात एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिऑल ही हार्मोन बघतात. हो, रक्तस्राव चालू असतानाच स्कॅन होतो. लाजू नका, त्या खोलीत दिवसभर हेच चालतं.

कोणताही दिवस: एएमएच, थायरॉइडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन, साखर, हिमोग्लोबिन, रुबेला. थॅलेसेमियाची चाचणी दोघांनी करून घ्या. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, व्हीडीआरएल (सिफिलिसची चाचणी) यासुद्धा दोघांच्या लागतात. त्या सगळ्यांच्याच करतात, त्यात तुमच्यावर संशय नसतो.

पाळी थांबल्यावर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात: एचएसजी, म्हणजे ट्यूब उघड्या आहेत का ते बघणारा एक्स-रे. याची खूप भीती घातली जाते. पाळीच्या वेळेसारखी जोरदार कळ येते, थोड्याच वेळात जाते. तासभर आधी वेदनाशामक घ्यायची का ते डॉक्टरांना विचारा, सोबत कोणीतरी न्या, पॅड न्या. घाबरून ट्यूब आकुंचन पावली तरी 'बंद' असा रिपोर्ट येऊ शकतो. एका एचएसजीवरून 'ट्यूब ब्लॉक' ठरवून ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

दोन सापळे इथे आहेत.

पहिला एएमएचचा. कमी आलं की आभाळ कोसळतं. एएमएच स्त्रीबीजांचा साठा साधारण किती आहे ते सांगतं, त्यांचा दर्जा नाही. दर्जा मुख्यतः वयावर ठरतो. अठ्ठाविशीतली कमी एएमएचवाली आणि एक्केचाळिशीतली चांगल्या एएमएचवाली यांत पहिलीचं पारडं जड असतं. आकडा लॅबनुसार बदलतो, म्हणून दोन लॅबच्या रिपोर्टांची तुलना करत रात्र जागवू नका. पीसीओएसमध्ये (अंडाशयात बऱ्याच बारीक फॉलिकल असतात आणि पाळी अनियमित होते) तो उलट जास्त येतो, आणि तेही 'छान' म्हणून सोडून द्यायचं नसतं.

दुसरा टीबीचा. आपल्याकडे गर्भाशयाचा टीबी खरोखर असतो आणि तो ट्यूब खराब करतो. पण गर्भाशयाच्या अस्तराची टीबी-पीसीआर (टीबीच्या जंतूंचा अंश शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आली, बाकी कशातही खूण नाही, आणि लगेच सहा महिन्यांची एकेटी (टीबीची औषधं) लिहून दिली, असंही बरंच होतं. त्या गोळ्या यकृतावर जड असतात. एवढ्या एका रिपोर्टवर सुरू करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

तोवर फॉलिक अ‍ॅसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज सुरू करा. कोणाचा आक्षेप असणार नाही.

७. आययूआय की थेट आयव्हीएफ?

हे वय, ट्यूब आणि शुक्राणू या तिन्हींवर ठरतं.

वय कमी, ट्यूब उघड्या, फक्त बीज वेळेवर फुटत नाही: लेट्रोझोलसारख्या गोळ्या, स्कॅन आणि घरीच प्रयत्न. शुक्राणू थोडे कमी किंवा कारण सापडत नाही: आययूआय. त्यात एका वेळी यशाची शक्यता साधारण १० ते १५ टक्के असते, हे सुरुवातीलाच पचवून घ्या. पहिलं फसलं की लोक खचतात, पण त्या आकड्यात फसणंच जास्त अपेक्षित आहे. तीन-चार वेळा करून जमलं नाही तर तिथेच रेंगाळू नका. दोन्ही ट्यूब बंद, वय पुढे गेलेलं, किंवा शुक्राणू खूपच कमी: आयव्हीएफ. शुक्राणू फार कमी असतील तर इक्सी, ज्यात एकेका बीजात एकेक शुक्राणू टोचतात. नवऱ्याचा रिपोर्ट उत्तम असताना इक्सी सुचवलं तर कारण विचारा.

तसंच अ‍ॅड-ऑनचं. पीआरपी (स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट टोचणं), ईआरए (अस्तराची तपासणी), एंडोमेट्रियल स्क्रॅच (गर्भाशयाचं अस्तर खरवडणं) अशी जादा गोष्टींची यादी पुढे येते, प्रत्येकाचं बिल वेगळं. स्क्रॅचचं सांगते: २०१९ मध्ये तेराशेहून जास्त बायकांवर झालेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, तरी ते यादीत असतं. प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न: 'हे केलं नाही तर माझ्या बाबतीत नेमकं काय बिघडेल?'

८. पैशाचं

एका आयव्हीएफ सायकलचा सगळा खर्च धरला तर आपल्याकडे बऱ्याचदा दीड ते तीन लाखांच्या मध्ये कुठेतरी जातो. पॅकेजचा आकडा यापेक्षा कमी दिसतो, कारण त्यात इंजेक्शनं नसतात. लेखी मागा: इंजेक्शनं आत की बाहेर, भूल, इक्सी, भ्रूण ब्लास्टोसिस्टपर्यंत (साधारण पाचव्या दिवसापर्यंत) वाढवणं, फ्रीझिंग, फ्रीझ भ्रूण ठेवण्याचं पहिल्या वर्षाचं भाडं, फ्रोझन ट्रान्सफर, आणि सायकल मध्येच रद्द झाली तर परत किती.

इंजेक्शनं क्लिनिकच्याच फार्मसीतून घ्यायची सक्ती नको. औषधाच्या मूळ नावासह चिठ्ठी मागा आणि बाहेर भाव विचारा, फरक पडतो. पण जी २ ते ८ अंशांत ठेवायची असतात ती बर्फाच्या पिशवीसकट देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

विम्याची फार आशा नको. साध्या आरोग्य पॉलिसीत 'स्टरिलिटी अँड इन्फर्टिलिटी' हे ठरलेलं अपवादाचं कलम असतं, एक्सक्लुजन कोड १७. काही कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत मात्र आयव्हीएफ असतं, ऐरोली-महापे पट्ट्यातल्या आयटीवाल्यांनी एचआरला विचारावंच. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून अटींसह परतावा मिळतो, पूर्वपरवानगी आधी घ्यावी लागते.

९. इंजेक्शनं आणि पिकअप

साधारण दहा-बारा दिवस रोज पोटावर इंजेक्शन. बेंबीपासून दोन बोटं लांब, चिमटीत धरून, बारीक सुई. पहिल्या दिवशी नर्सकडून शिकून घ्या आणि तिच्यासमोर स्वतः टोचून बघा. रोज रात्री कंपाउंडर शोधत फिरण्यापेक्षा हे सोपं. फ्रीजमध्ये दारात ठेवू नका, तिथलं तापमान सारखं बदलतं. फ्रीझरमध्ये तर मुळीच नाही.

मग ट्रिगर, म्हणजे बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन. हे इंजेक्शन दिलेल्या मिनिटाला घ्यायचं. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी स्त्रीबीजं काढतात. तास इकडे तिकडे झाला तर बीजं हाती लागत नाहीत किंवा आधीच फुटतात. दोघांच्या फोनवर अलार्म लावा. घेतल्यावर रिकाम्या पेनचा फोटो काढून क्लिनिकला पाठवा.

पिकअपच्या सकाळी उपाशी जायचं, थोडी भूल देतात, दुपारपर्यंत घरी. पावसाळ्यात तारीख आली आणि जोरदार पावसाचा इशारा असेल तर आदल्या रात्री क्लिनिकजवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम करा. पाणी साचल्यावर तीन हात नाका कोणासाठी मोकळा होत नाही. नवऱ्यानेही त्याच दिवशी सॅम्पल द्यायचं असतं. ताणाखाली जमेल की नाही शंका असेल तर आधीच एक सॅम्पल फ्रीझ करून ठेवायला सांगा. याबद्दल कोणी बोलत नाही, पण होतं असं.

पिकअपनंतर पोट झपाट्याने फुगलं, वजन एकदोन दिवसांत वाढलं, लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात किंवा दम लागला तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी फोन करा. औषधांचा अंडाशयांवर जास्त परिणाम होऊन अंगात पाणी साचतं, त्याला ओएचएसएस म्हणतात, पीसीओएसवाल्यांना धोका जास्त. म्हणूनच कधी डॉक्टर सगळे भ्रूण फ्रीझ करून ट्रान्सफर पुढच्या महिन्यात ढकलतात. ते ऐकून रडू येतं, पण निर्णय योग्य असतो.

१०. ट्रान्सफर आणि नंतरचे दिवस

ट्रान्सफरला भूल लागत नाही. मूत्राशय थोडं भरलेलं हवं. किती भ्रूण ठेवणार हे आधी बोलून घ्या. 'दोन-तीन ठेवा, जुळी झाली तर एकदम काम होईल' असं घरचे म्हणतात. जुळ्यांत वेळेआधी प्रसूती आणि आईचं बीपी यांचा धोका वाढतो. चांगला ब्लास्टोसिस्ट असेल तर एकच ठेवावा, असं माझं मत.

नंतर अंथरुणाला खिळून राहायची गरज नाही, त्याने यश वाढत नाही. जिने चढा, कामावर जा, रिक्षात बसा. घोडबंदरच्या खड्ड्यांनी भ्रूण बाहेर पडत नाही. गर्भ टिकायला दिलेलं प्रोजेस्टेरॉन मात्र एकही दिवस चुकवू नका. रक्ताचा डाग दिसला म्हणून स्वतःहून बंदही करू नका.

घरी लघवीची चाचणी लवकर करू नका. ट्रिगरमधलं एचसीजी (गर्भ राहिल्यावर वाढणारं, चाचणीत दिसणारं हार्मोन) शरीरात असेल तर ती खोटी पॉझिटिव्ह येते, आणि फार लवकर केली तर खोटी निगेटिव्ह. क्लिनिकने दिलेल्या तारखेला रक्तातली बीटा एचसीजी करा. रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर येतो. ऑफिसात किंवा लोकलमध्ये उघडायचा की घरी, हे दोघांनी आधी ठरवा.

घरच्यांना किती सांगायचं? तारखा सांगू नका, एवढंच म्हणेन. 'ट्रीटमेंट चालू आहे' पुरेसं आहे. तारीख सांगितली की त्या दिवशी दहा फोन येतात. एकवीरेला नवस बोलायचा तर बोला, त्र्यंबकेश्वरला जायचं तर जा, फक्त त्या तारखा स्कॅनच्या आड येऊ देऊ नका.

११. सह्या

संमतीपत्रं आदल्या दिवशी मागून घरी वाचा. मराठीत मागा. दोघांच्या सह्या लागतात. स्त्रीसाठी वयाची मर्यादा २१ ते ५०, पुरुषासाठी २१ ते ५५. उरलेले भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. दरवर्षी भाडं भरायची तारीख कॅलेंडरवर टाका आणि नंबर बदलला तर क्लिनिकला लेखी कळवा. दात्याची स्त्रीबीजं लागली तर ती नोंदणीकृत बँकेतूनच. बहीण किंवा मैत्रीण 'मी देते' म्हणाली तरी ते परस्पर होत नाही. मुलगा की मुलगी, हे विचारायचं नाही, भ्रूणाची जनुकीय तपासणी केली तरी नाही. सांगतो म्हणणारा भेटला तर तिथून निघा. तक्रार असेल तर प्रत्येक क्लिनिकला तक्रार निवारण कक्ष ठेवावाच लागतो. तोंडी भांडण्याऐवजी तिथे लेखी द्या आणि पोच घ्या.

१२. क्लिनिक बदलायची वेळ आली तर

एखादी सायकल फसली म्हणून लगेच बदलू नका. आधी वेळ घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा: पुढच्या वेळी काय वेगळं करणार? 'पुन्हा तेच करू, नशीब' असं उत्तर आलं, किंवा भेटायला वेळच मिळत नसेल, तर बदला.

निघताना सायकल समरी मागा. त्यात हे सगळं हवं: कोणती इंजेक्शनं किती डोसने किती दिवस, प्रत्येक स्कॅनमधले फॉलिकल, ट्रिगर कोणता, किती बीजं निघाली, त्यातली पक्व किती, फलित किती, भ्रूण कोणत्या दिवसाचे आणि कोणत्या ग्रेडचे, अस्तराची जाडी, किती फ्रीझ आहेत. आमच्या पहिल्या क्लिनिकने आधी नुसतं बिल हातात ठेवलं होतं. लेखी अर्ज दिल्यावर आठवड्याने कागद मिळाले. नवीन डॉक्टर पहिल्या दहा मिनिटांत तोच कागद मागतील. तो असला तर जुन्या तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. एचआयव्ही, हिपॅटायटिससारख्या मुदतीच्या तेवढ्या परत होतात.